मटारांच्या जोरावर

शहराच्या फुटबॉल टीमनं ओळीनं नऊ मॅच जिंकल्या त्या हेडबाईच्या मटारांच्या जोरावर, असं निदान तिच्या मुलाचं तरी ठाम मत होतं.

हेडबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शर्टाच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या चाळीस बायकांवर तिनं बावीस वर्षं हुकूमत केली, तेव्हा चिकटलेलं. शाळा दुसरीतच सुटली, पण कुणी बटणाला दोऱ्याचे दोनच वेढे देऊन काम उरकलंय, हे ती लांबूनच ओळखे.

मुलगा रक्त तपासायच्या लॅबमध्ये. थेंब न् थेंब दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करणार नाही. आणि हाच शहाणा! एका रविवारी आई स्वयंपाकघरात मटार सोलत असताना टीमनं गोल मारला, तेव्हापासून मॅच लागली की आई स्टुलावर. तोंड भिंतीकडे, मांडीवर परात. तिनं टीव्हीकडे बघायचं नाही, तिच्याकडे कुणी बघायचं नाही. सहाव्या मॅचला मुलाचा मेहुणा पाणी प्यायला आत डोकावला आणि समोरच्यांनी गोल ठोकला. त्या दिवसापासून दाराला कडी. फ्रीजमध्ये मटार इतके साठले की दुधाला जागा उरली नाही.

"आई, आपण जिंकलो!"

"तू कुठे रे पळालास? सोफ्यावरून उठताना गुडघे कुरकुरतात तुझे."

गेल्या वर्षी ज्या खेळाडूनं छातीवरच्या बिल्ल्याचा मुका घेऊन या शहरासाठी जीव ओवाळून टाकला होता, तो यंदा दुसऱ्या शहराच्या बिल्ल्याचा मुका घेत होता, तोही तितक्याच प्रेमानं. त्याच्या नावाच्या जर्सीनं आता घरातली फरशी पुसली जाई. "बैल भाड्याचे, आणि मिरवतोय गोठा," हेडबाई म्हणे.

इथवर तिनं चालवून घेतलं. पण फायनल आली नेमकी तिच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याची पट्टी सुटायची त्याच रविवारी. मॅच चारला, पट्टी साडेचारला. दुसरा डोळा आधीच गेलेला, हा एकच उरलेला. "पट्टी सुटली की पहिलं तोंड तुझंच दिसायला हवं," असं धाकटीनं हात धरून सांगितलं होतं, आणि हेडबाईनं शब्द दिला होता.

"मावशीला सहा वाजता भेट ना," मुलगा म्हणाला. अंगात जर्सी, नऊ मॅच न धुतलेली. "नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"डॉक्टर काय मॅच संपायची वाट बघत बसणार आहे?"

"आई, सगळं शहर तुझ्यावर अवलंबून आहे गं!"

"शहराला सांग, मला बहीण एकच आहे."

मुलाचे डोळे भरून आले. बाप गेला तेव्हा एवढे भरले नव्हते. हेडबाई गप्प बसली. ती गप्प बसली की चाळीस बायका घाबरत, पण मुलाला वाटलं, आई मानली.

चारला दहा कमी असताना ती मुकाट्यानं स्टुलावर बसली. बाहेरून कडी लागली, दिवाणखान्यात नरडी फाटू लागली. हेडबाईनं परात सुनेच्या मांडीवर ठेवली. सकाळीच ठरल्याप्रमाणे ती आधीच आत लपून बसली होती.

"दाणे जरा वरून टाक, खणखण आवाज आला पाहिजे. आणि खोकलीस तर माझ्यासारखी खोक."

"तुमच्यासारखं खोकायला छाती लागते, सासूबाई."

"मग नको खोकूस."

मागच्या दारानं ती निसटली. आत कुणी डोकावायची भीतीच नव्हती. पहारा त्यांच्याच नियमाचा. रस्ते ओस पडलेले. बसमध्ये ती एकटी, आणि ड्रायव्हरच्या कानाशी रेडिओ.

डॉक्टरनं पट्टी काढली तेव्हा हेडबाई उजव्या बाजूच्या खुर्चीत, बहिणीचा हात हातात घट्ट धरून. धाकटीनं पापण्या मिचकावल्या. हेडबाईनं तोंड तिच्या जवळ नेलं.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "किती म्हातारी झालीस तू!"

"दिसायला लागलं म्हणायचं," हेडबाई म्हणाली, आणि पदरानं बहिणीचे डोळे सोडून स्वतःचेच पुसले. तेवढ्यात बाहेरच्या टीव्हीपाशी नर्स, वॉर्डबॉय, प्लास्टरवाले पेशंट, सगळे एकदम किंचाळले. गोल.

ती घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. मॅच जिंकल्यावर आईला खांद्यावर घ्यायला धावत आलेला मुलगा स्टुलावर बायकोला बघून जागच्या जागी थिजला होता. हेडबाईनं चपला काढल्या, कंबर कसली. आता होऊन जाऊ दे.

मुलाच्या चेहऱ्यावर तोच काटेकोर, लॅबमधला भाव आला.

"गोल झाला तेव्हा तू कुठे होतीस?"

"मावशीजवळ."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"हात धरला होतास?"

हेडबाईनं सुनेकडे पाहिलं. सून मटारात तोंड खुपसून बसली होती.

"धरला होता," हेडबाई म्हणाली. "आणि नीट ऐक, मला बस सोसत नाही. पुढच्या सीझनला मॅचगणिक मावशीकडे गाडीनं नेऊन सोडायचं."

मुलानं वही काढून लिहून घेतलं.