पहिल्या पानावरची तारीख

मी एक जुना भाडेपट्टा आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका. विलायतेतल्या वर्दिंग गावात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, गोर्स कोर्ट नावाची इमारत आहे. तिथला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पंचेचाळीस वर्षे माझ्या जिवावर उभा होता. भिंती सगळ्यांना दिसतात, मी कुणाला दिसत नाही.

माझा जन्म एका वकिलाच्या कचेरीत झाला. जाड पिवळसर कागद, हिरव्या फितीने शिवलेली कड, लाल शिक्का. काय माझा रुबाब होता! ३ नोव्हेंबर १९८० रोजी डेनिस टपन आणि त्याची बायको ऑड्री यांनी फ्लॅट विकत घेताना माझ्या शेवटच्या पानावर सह्या केल्या. पहिलं पान दोघांनीही उघडलं नाही. वकील जिथे बोट ठेवतो तिथे माणसं सही करतात, तशीच त्यांनी केली.

कर्ज फिटेपर्यंत मी बँकेच्या तिजोरीत होतो. सुटून घरी आलो त्या दिवशी डेनिसने शेरीचे दोन पेले भरले आणि म्हणाला, "ऑड्री, आता घर आपलं गं! कुणाच्या बापाचं नाही!"

मला कसंसंच झालं. घर त्यांचं होतं, पण सव्वाशे वर्षांपुरतं. मुदत संपली की ते मूळ मालकाकडे परत जाणार होतं. हे सगळं माझ्यातच लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण? डेनिसने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली : 'पट्टा, ३ नोव्हेंबर १९८०'. अक्षर सुरेख होतं, पण तारीख सहीची होती.

मग वर्षानुवर्षे माझी कुणाला आठवण झाली नाही. डेनिस गेला. ऑड्रीचे गुडघे गेले, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिच्या बहिणीच्या शेजारी एक तळमजल्याचं घर रिकामं झालं होतं, तिथे जायचा तिने ध्यास घेतला. फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं, पण पट्ट्याची मुदत वाढवल्याशिवाय ते घेईना.

खालच्या मजल्यावरचा लेन एकहर्स्ट आधीच्या घरात याच बाबतीत चांगलाच पोळला होता. मुदत ऐंशी वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून देताना मूळ मालक घराच्या वाढलेल्या किमतीतही वाटा मागतो. तसं झालं असतं तर ऑड्रीला नवं घर विसरावं लागलं असतं. एका गुरुवारी लेन चहाला आला.

"अगं ऑड्री, मालकाला मुदतवाढीची नोटीस दिलीस का?"

"नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे रे. डेनिसने लिहून ठेवलंय."

"डेनिस देवमाणूस होता, पण त्याने कपाट उलटं जोडलं होतं!"

"माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नकोस. चहा पी आणि गप्प बस."

"चहा पितो. तेवढं मला वाचू तर दे."

त्याने चष्मा लावला आणि माझं पहिलं पान उघडलं. मित्रांनो, काय सांगू! पंचेचाळीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच माझं तोंड पाहत होतं.

"पंचवीस मार्च एकोणीसशे ऐंशीपासून सव्वाशे वर्षे," लेनने वाचलं. फ्लॅट केव्हाही विकला जावो, मालकाने साऱ्या इमारतीची मुदत त्याच दिवसापासून, तिमाही भाडं भरायच्या जुन्या तारखेपासून, धरली होती.

ऑड्रीने कॅलेंडरकडे पाहिलं. वीस मार्च. मंगळवारी ऐंशीची रेघ ओलांडली जाणार होती.

"डेनिस, एवढंसं नीट बघता आलं नाही रे तुला?" ती म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून वकीलबाईंकडे जायला कठडा धरत तीन मजले उतरली.

शुक्रवारी वकीलबाईंनी नोटीस तयार केली. ऑड्रीने ती पहिल्या ओळीपासून वाचली, बाईंना अर्धा तास ताटकळत ठेवून, आणि मगच सही केली. सोमवारी लेनने तिला गाडीतून मालकाच्या कचेरीत नेलं.

"पोस्टाने चाललं असतं, आजी," तिथली मुलगी म्हणाली.

"पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यावर विसंबले, बाळा. आता बास. पोच दे, तारखेसकट."

मित्रांनो, एक गोष्ट मी मनातच ठेवली होती. मुदत वाढते म्हणजे जुना पट्टा रद्द होतो आणि त्याच्या जागी नवा येतो. वर्षभरात तो आला, नव्वद वर्षे जास्तीची घेऊन. माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ऑड्रीने मला टाकलं नाही. आज मी तिच्या तळमजल्याच्या घरात त्याच डब्यात आहे.

सामान बांधताना लेन झाकणावरची चिठ्ठी खरवडायला निघाला होता. ऑड्रीने त्याचा हात धरला. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे : सही करण्याआधी आमचं पहिलं पान वाचा, कारण आम्हाला ओरडता येत नाही. आणि चुकलेल्या माणसाशी ऑड्रीसारखे वागा. तिने चिठ्ठी तशीच ठेवली आणि डेनिसच्या अक्षराखाली बारीक लिहिलं : 'खरी तारीख २५ मार्च. माणूसही खरा होता.'