अठरा मिलिमीटर

ऑफिसात तिला सगळे मिली म्हणत. एकेका मिलिमीटरसाठी ती भांडायची, म्हणून हे नाव पडलं होतं आणि तिला ते आवडायचंही. ऑफिस नऊ माणसांचं. अडीच वर्षं ते सगळे मिळून एकच वस्तू बनवत होते: बुटांच्या खोक्यापेक्षाही लहान, पण मोठमोठी गणितं आणि नकाशे पेलणारा संगणक. पेटीत चार खण होते, कपाटाच्या ड्रॉवरसारखे सरकणारे. एक वीजपुरवठ्याचा, एक प्रोसेसरचा, एक ग्राफिक्सचा, एक माहिती साठवायचा. गरज बदलली की खण ओढायचा आणि दुसरा सरकवायचा. पेटीचा सांगाडा, खटके, हवेची वाट हे सगळं मिलीचं काम.

लहान पेटीत कुठलीच गोष्ट सुखासुखी बसत नाही. पंखा मोठा घेतला तर खण मावत नाही, लहान घेतला तर किंचाळतो. खटका घट्ट केला तर बोटं दुखतात, सैल केला तर खण हलतो. मिलीने एकेक करून सगळं बसवलं होतं. नऊ पेट्या तीन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या माणसांना वापरून बघायला दिल्या होत्या आणि अजून एकाचीही तक्रार नव्हती.

मंगळवारी दुपारी साडेबाराला काकांनी तिला चाचणीच्या टेबलाशी बोलावलं. काका म्हणजे विजेच्या बाजूचे इंजिनिअर, वयाने सगळ्यांत मोठे, बोलायला कमी. त्यांच्यासमोर एक पेटी उघडी पडली होती. ग्राफिक्सचा खण त्यांनी चारशे वेळा आतबाहेर केला होता आणि मग पेटीला सकाळभर जोराच्या कामाला लावलं होतं.

"हे बघ," ते म्हणाले.

खण मागच्या बोर्डात जिथे बसतो, तिथल्या कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. करपलेल्या भाकरीच्या कडेसारखं.

"पकड सैल झालीय," काका म्हणाले. "तांब्याच्या पात्या नीट टेकत नाहीत, म्हणून तापतात. आता हा आकडा बघ. सेन्सर म्हणतोय एक्कावन्न अंश. आणि मी इथे तार लावून मोजलं तर एकशे अडतीस."

तो सेन्सर आधी कनेक्टरला खेटून होता. खटक्याची स्प्रिंग बसत नव्हती, म्हणून तिने तो अठरा मिलिमीटर पुढे सरकवला होता, बाहेरची गार हवा आत येते त्या तोंडाशी. तेव्हा काकांनी विचारलं होतं, "का सरकवलास?" आणि ती घाईत म्हणाली होती, "काही फरक पडत नाही." सेन्सर गार हवेत बसून सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला होता आणि पेटी त्याच्यावर विश्वास ठेवून चालू राहिली होती.

काकांनी एक पुठ्ठ्याची फाईल उचलून पेटीच्या वर ठेवली. गरम हवा वरूनच बाहेर पडायची. आठव्या मिनिटाला आकडा एकशे सत्तरवर गेला आणि वास सुटला. त्यांनी शांतपणे प्लग ओढला.

"बाहेर किती पेट्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

ती थेट कंपनीच्या मालकाकडे गेली. त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने ऐकून घेतलं आणि डोळे मिटून कपाळ चोळलं. पुढच्या महिन्यात पेटी बाजारात यायची होती.

"सगळ्यांना फोन कर," तो म्हणाला. "पेटी बंद करून प्लग काढा म्हणावं. सॉफ्टवेअर अपडेट आहे म्हणून सांग. बाकी काही बोलू नकोस."

"पण तसं नाहीये."

"माहितीये मला. आज बंद होणं महत्त्वाचं. कारण नंतर बघू."

मिली तेव्हा इतकी घाबरलेली होती की कोणीतरी काय बोलायचं ते सांगतंय, याचाच तिला आधार वाटला. तिने आठ फोन केले आणि आठ वेळा खोटं बोलली. आठही जणांनी पेटी बंद केली. एकाने तर आभारही मानले.

नववी पेटी तिच्या थोरल्या बहिणीच्या घरी होती. भावजी पुलांची गणितं करायचे. पेटी त्यांना दाखवताना मिलीनेच फुशारकी मारली होती, "रोज काढा, रोज घाला, काही होणार नाही." भावजी शब्दाचे पक्के. नकाशांसाठी एक खण आणि गणितांसाठी दुसरा, अशी दिवसातून चार-पाच वेळा त्यांची अदलाबदल चालायची. पात्या सैल व्हायला चारशे वेळा लागतातच असं काकांनी कुठे म्हटलं होतं?

भावजींचा फोन लागेना. ते साईटवर, पुलाच्या पायाच्या खड्ड्यात असणार. सकाळी त्यांचा मेसेज आला होता, तो तिने आता पुन्हा वाचला. 'मोठं गणित लावून निघालोय. संध्याकाळपर्यंत चालेल. बघू तुझी पेटी किती दमाची आहे.'

ताई शिक्षिका. परीक्षेच्या हॉलवर असली की तिचा फोन कपाटात कुलूपबंद असायचा. शाळेच्या ऑफिसात कोणी उचललं नाही. घरी होते फक्त ताईचे सासरे, नाना. वय ब्याऐंशी. जेवण झालं की कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवायचे आणि ताणून द्यायचे. त्यांचा पलंग कुठल्या खोलीत आहे, ते मिलीला माहीत होतं. भावजींच्या टेबलापर्यंत लांब वायर ओढायला नको म्हणून पेटीची जागा तिनेच त्या खोलीत सुचवली होती.

नानांचा फोन वाजून वाजून बंद पडला. तिने पुन्हा लावला. मग पर्स न घेताच ती जिना उतरली.

टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत. दुपारचं कडक ऊन होतं. पंचवीस मिनिटांचा रस्ता. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने मनातल्या मनात हिशेब केला. गणित सकाळी नऊला लागलंय, म्हणजे साडेचार तास झाले. पेटी वरून मोकळी असेल तर एकशे चाळीसच्या आसपास. मोकळी नसेल तर. पुढचा आकडा तिला माहीत होता आणि तो तिने मनातही उच्चारला नाही.

"ताई, बरं नाही वाटत का?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"जरा लवकर नेता येईल का?"

"समोरची हलली की मी हललो."

तिने अग्निशमन दलाचा नंबर काढला आणि तो नुसता बघत बसली. लावला आणि तिथे काहीच झालेलं नसलं, तर? अख्ख्या इमारतीसमोर ताईची शोभा होईल. कप्तान तिला उभी जाळेल. आणि एकदा तो फोन झाला की सॉफ्टवेअर अपडेटची गोष्ट संपली. हे सगळं तिला कळत होतं. तरी तिच्या डोळ्यांसमोर सारखी एक वाटी येत होती आणि त्या वाटीतलं कानाचं यंत्र.

दुसऱ्या सिग्नलला तिने फोन लावला.

पलीकडे एका बाईचा आवाज होता. "धूर दिसतोय का?"

"मी तिथे नाहीये."

"मग कोणाला दिसतोय?"

"कोणालाच नाही. घरात म्हातारे गृहस्थ झोपलेत, त्यांना ऐकू येत नाही. तिथे एक यंत्र चालू आहे. ते पेट घेऊ शकतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ते यंत्र मी बनवलंय."

मग बाईने पत्ता विचारला, मजला विचारला आणि म्हणाली, "गाडी निघतेय. तुम्ही आधी पोचलात तर दार गरम आहे का बघा. गरम असेल तर उघडू नका."

इमारतीपाशी ती आधी पोचली. पैसे नव्हते, ड्रायव्हरला तिने नुसता हात दाखवला आणि तीन मजले धावत चढली. दार गरम नव्हतं. बेल दाबली, दारावर मुठी आपटल्या. आत हालचाल नाही. ती गुडघ्यांवर बसली, टपालाच्या फटीचं झाकण उचललं आणि नाक लावलं. इस्त्रीखाली नायलॉन सापडल्यावर येतो तसला वास.

"नाना," ती त्या फटीतून ओरडली. "नाना, उठा." आपला आवाज वाटीतल्या यंत्राला ऐकू जाईल आणि नानांना नाही, हे माहीत असूनही ती ओरडत राहिली. समोरच्या दारातून एक बाई डोकावली आणि काय झालं विचारू लागली. मिली नुसती दाराकडे बोट दाखवत राहिली.

जिन्यात जड बुटांचे आवाज आले. हेल्मेट घातलेले तिघे जण. पुढच्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं, दुसऱ्याने पहार लावून कुलपाशी दार उचकटलं. फार तर दहा सेकंद लागली. आग नव्हती. पण आतल्या खोलीत छताखाली करडी धुरकट चादर तरंगत होती आणि पलंगावर नाना उताणे पडले होते, तोंड उघडं.

मिलीला पुढे जाववेना. ती चौकट धरून त्यांच्या छातीकडे बघत राहिली. सदऱ्याची बटणं दिसत होती. ती बटणं हलतायत की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना. आयुष्यात इतकी मापं घेतली, पण एवढं लहान अंतर तिला कधी मोजावं लागलं नव्हतं.

जवानाने नानांचा खांदा हलवला. नानांनी डोळे उघडले, त्याच्या हेल्मेटकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नळाचं काम उद्या होतं ना?"

मिली तिथेच जमिनीवर बसली.

त्यांनी प्लग काढला, खिडक्या उघडल्या, नानांना बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीत बसवलं. पेटी पुस्तकांच्या फळीवर होती, दोन्ही बाजूंनी फायलींमध्ये चेपलेली आणि वर चौघडी केलेला टॉवेल. मागचा कोपरा मेणासारखा ओघळला होता. वरच्या फळीला खालून तळहाताएवढा काळा डाग पडला होता आणि डागाच्या मधोमध लाकूड बारीक तडकलं होतं.

"आणखी पंधरा मिनिटं," मोठा जवान डागावर बोट ठेवून म्हणाला. "फार तर वीस." त्याने खिशातून वही काढली. "कुठल्या कंपनीचं?"

"आमच्या."

"यात चूक कोणाची, काही कल्पना?"

कप्तानचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. "माझी," ती म्हणाली. "सेन्सर चुकीच्या जागी आहे. मी हलवला." त्याने मान वर केली नाही, लिहीत राहिला.

नानांनी यंत्र कानात घातलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. "टॉवेल मी ठेवला गं," ते म्हणाले. "दिवसभर गुणगुणतं ते, डासासारखं. झोप लागेना. फळीवरही मीच ठेवायला लावलं. माझ्यामुळे झालं का हे?"

"नाही नाना."

"पण टॉवेल..."

"वस्तू लहान असली की माणूस ती सापटीत ठेवणारच. गुणगुणली की झाकणारच. हे मला आधी सुचायला हवं होतं." वर काही ठेवू नये हे कंपनीने पुस्तिकेच्या अकराव्या पानावर छापलं होतं. ते आठवून तिला इतकी लाज वाटली की तिने नानांचे हात धरले आणि सोडले नाहीत.

जिन्यात बसून तिने त्या आठही जणांना पुन्हा फोन केले आणि खरं सांगितलं. ज्याने आभार मानले होते, त्याने या वेळी शिव्या दिल्या. शेवटचा फोन कप्तानला.

"आधी मला विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो."

"आणि मी ऐकलं असतं. मला त्याचीच भीती वाटली."

त्याने फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "ताईचे सासरे बरे आहेत ना?"

पेटी सात महिने लांबली. दोघं जण नोकरी सोडून गेले. सेन्सर पुन्हा कनेक्टरला खेटून बसला, खटका नव्याने काढावा लागला आणि पेटी सतरा मिलिमीटरनी उंच झाली. गरम हवा आता दोन्ही बाजूंनी निघते आणि वरचा भाग इतका उतरता केलाय की त्यावर काही ठरतच नाही. शेवटच्या चाचणीला मिलीने पेटीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि समोर स्टूल टाकून बसली. ऐंशी अंशांना पेटी स्वतःहून बंद पडली. काका म्हणाले, "झालं." ती म्हणाली, "हो." तरी ती आणखी तासभर तिथून उठली नाही. काकांनी तिला उठवलं नाही, फक्त चहाचा कप शेजारी आणून ठेवला.

त्या मंगळवारी शाळेतून आल्यावर ताईने दार, फळी, नाना, सगळं बघितलं. पुढे पंधरा दिवस तिने फोन उचलला नाही. भावजींनी एकदा केला. त्यांना साठवणुकीच्या खणातली माहिती वाचली का, एवढंच विचारायचं होतं. वाचली होती, तो खण सहज सुटून आला होता. त्यांनी बरं म्हटलं आणि ठेवून दिला.

सोळाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"मी तुला काही बोलणार नाहीये," ताई म्हणाली. "सुरुवात केली तर थांबता येणार नाही मला."

"बोल ना. बोल तू."

"नको." तिचा श्वास ऐकू येत होता. "रात्री उठते मी अजून. नानांच्या खोलीत जाऊन बघून येते."

"मी पण उठते."

"तू कोणाला बघतेस?"

"कोणाला नाही. प्लग बघते, घरातले सगळे," मिली म्हणाली.

"रविवारी जेवायला ये," शेवटी ताई म्हणाली. "ऑफिसातलं काही आणू नकोस."

"रिकाम्या हाताने येते."

"ये," ताई म्हणाली.