नानाय जिथं थांबायची

“दोरायला सांगितलंय मी यायला,” ताताय म्हणाले आणि लुडीच्या हातातली नारळाची वाटी खवणीवरून घसरली.

“कशाला?” तिनं त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन विचारलं; डावा पार गेला होता.

“मग गाणार कोण? तू?”

म्हातारा बाप सहज बोलून गेला. पण बावन्न वर्षांच्या लेकीच्या ते काळजाला लागलं. आईला जाऊन आज वर्ष होत होतं. दुपारी घरी प्रार्थना, मग जेवण, मग टेकडीवरच्या दफनभूमीत मेणबत्त्या. उद्यापासून अंगावरचे काळे कपडे उतरणार होते.

“नसतं बोलावलंत तरी आली असती ती,” लुडी म्हणाली. “माशीला गुळाचं आमंत्रण लागतं होय?”

“जीभ आवर. तुझ्या आईला काय वाटेल?”

“तिला काय वाटायचंय! लाडकी येतेय म्हणून खूशच होईल ती.”

आईला ती नानाय म्हणायची. पण सगळा गावही तिला नानायच म्हणायचा, आणि लुडीचं दुखणं तिथूनच सुरू व्हायचं. चाळीस वर्षं नानायनं चर्चमधली पायपेटी वाजवली. पहाटे जपमाळ, दिवसभर सहा लेकरांचं रांधणं-धुणं आणि संध्याकाळी गायनाची तालीम. बोहोल बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात लग्न असो की मयत, नानायशिवाय कुणाचा सूर लागत नसे. लुडीच्या गळ्यात मात्र सूर उतरलाच नाही. अकराव्या वर्षी, सगळ्यांसमोर, नानायनं तिच्या ओठांवर हलकेच बोट ठेवलं होतं. “तू पानं उलट हं, बाळा.”

लुडीनं पेटीवरच्या गाण्याच्या वहीची पानं उलटली, तीही अभिमानानं. आईच्या इतकं जवळ दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. मग एक दिवस मासे विकणारीची पोर आली, आठ वर्षांची दोराय. एकदा ऐकलं की तिला पाठ. तिला पानं लागतच नसत.

पुढे भावंडं पोटामागं पांगली. लुडी धक्क्यावर बोटीची तिकिटं विकायला बसली, लग्नाचं राहूनच गेलं, आईबापांजवळ तीच उरली. शेवटच्या वर्षात नानायला न्हाऊ घालणं, भरवणं सगळं तिनं केलं. आणि रविवारी दोराय दारात दिसली की म्हातारीचा चेहरा उजळायचा! ताट हातात घेऊन लुडी उभी राहायची. दोघींचं गाणं संपेपर्यंत पेज निवून जायची.

दुपारी घर माणसांनी भरलं. जपमाळ झाली आणि आठवणी निघाल्या. “आमच्या नानायनं माझ्या मुलाच्या बारशाला स्वतः भात शिजवला होता,” शेजारीण म्हणाली. “आमच्या नानायनं माझं लग्न जमवलं,” आणखी कुणी म्हणालं. लुडी सगळ्यांना सरबत देत फिरत होती. ‘आमची, आमची,’ तिच्या मनात येत होतं, ‘मग माझ्या वाट्याला उरली किती?’

दोराय उठली. मारियामातेच्या शोकाचं गाणं, नानायचं सगळ्यांत आवडतं. “माझ्या लेकरा, तुला मी” इथवर ती आली आणि थांबली. छाती भरून श्वास घेतला, मग म्हणाली, “कुठं ठेवू?” हुबेहूब नानाय. बायका हातांनीच डोळे पुसू लागल्या. ताताय तर उठून उभेच राहिले.

लुडी स्वयंपाकघरात निघून गेली.

जेवणं उरकल्यावर दोराय बशा घेऊन तिच्यामागं आली. “द्या मानांग, मी धुते.” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती लुडीला मानांग म्हणायची.

“राहू दे. गाण्याचे हात ते, खरखरीत होतील.”

दोराय हसली, बशा नळाखाली धरल्या. “मासळीचे हात आहेत मानांग, त्यांना काय होतंय!” मग हळूच म्हणाली, “गाणं बरं झालं ना? त्या ओळीत नानाय का थांबायची, मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, आईच्या दुःखाला जागा द्यावी लागते गं. मी आजवर तिथं थांबल्याशिवाय राहिले नाही.”

लुडीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“दमा होता तिला.”

“काय?”

“दमा. सात वर्षं. तिथवर आली की श्वास पुरायचा नाही तिला. चर्चमध्ये कळलं तर पेटी सोडायला लावतील, म्हणून कुणाला सांगू द्यायची नाही. मला ठाऊक होतं. एकटीला.” मग आणखी बोचावं म्हणून ती म्हणाली, “तू जिला कला समजतेस ना, तो तिचा आजार होता.”

दोरायच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. “मी तिला तेवढी ओळ पुन्हा म्हणायला लावायची,” ती म्हणाली. “दर रविवारी. दोन-दोनदा.”

लुडीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

ऊन कलल्यावर सगळे टेकडी चढले. कबरीवर मेणबत्त्या लागल्या, आणि कुणीतरी दोरायला पुन्हा तेच गाणं म्हणायला सांगितलं. रडून तिचा आवाज बसला होता, तरी तिनं म्हटलं. ती ओळ आली. ती थांबली नाही. “माझ्या लेकरा, तुला मी कुठं ठेवू?” एका दमात, सरळ. सुरेख म्हटली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

लुडीच्या मात्र आलं. गाण्यात नानाय नव्हती. दुपारपर्यंत होती; आता कुठंच नव्हती, आणि तिला हाकलून लावलं होतं ते लुडीनंच.

“दोराय,” ती मध्येच म्हणाली. माना वळल्या. चालू प्रार्थनेत बोलायची ही कुठली रीत? “थांब ना तिथं.”

“पण मानांग, तुम्हीच तर...”

“ती थांबायची. तूही थांब.”

दोरायनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ओळ पुन्हा सुरू केली. “माझ्या लेकरा, तुला मी...” ती थांबली. खाली धक्क्यावर बोटीचा दोर करकरला. मग दोरायनं श्वास घेतला, आणि तो पुरा होईतो लुडीनं आपला श्वास सोडला नाही.

उतरताना दोरायनं तातायचा डावा हात धरला. लुडीनं उजवा धरला. त्याच बाजूच्या कानानं त्यांना अजून थोडंफार ऐकू यायचं.