कासिल्दाची सहल

मित्रांनो, मी सेव्हिल शहरातली एक जुनी बग्गी आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले, चाकांना पिवळा रंग दिला आणि फर्मिन नावाच्या गाडीवानाच्या हवाली केले. तीस वर्षे आम्ही देशोदेशीच्या पाहुण्यांना शहर दाखवले. माझ्या मऊ गादीची किती जणांनी तारीफ केली! पण फर्मिनची बायको कासिल्दा त्या गादीवर कधी बसली नव्हती. ती नदीपलीकडच्या खानावळीत दिवसभर मासे तळायची.

वसंतातल्या एका सकाळी फर्मिन तिला हात धरून घेऊन आला. तिचा एक डोळा आधीच गेला होता. उरलेल्या डोळ्याचे दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होते आणि डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता.

"बसा बाईसाहेब," फर्मिन टोपी काढून म्हणाला.

"नाटकं पुरे! आजची गिऱ्हाइकं?"

"आज तूच गिऱ्हाईक."

घोडी संथ चालू लागली. संत्र्याची झाडे फुलली होती. पांढऱ्या पाकळ्या कासिल्दाच्या मांडीवर पडत होत्या आणि ती त्या झटकत नव्हती. कोवळ्या उन्हात सारे शहर जणू पाण्यावर तरंगत होते. मोठ्या चर्चच्या मनोऱ्याखाली फर्मिनने पाठ केलेली गोष्ट सुरू केली, "आत पायऱ्या नाहीत, चढण आहे. इथला राजा रोज घोड्यावरून वर चढायचा, राणीसाठी फुलं घेऊन..."

"कुठला राजा? तीस वर्षं लोकांना याच थापा मारतोस?"

"त्यांना आवडतं."

"मग सांग मलाही. राणीचं नाव मात्र कासिल्दा ठेव."

दुपारी एका गल्लीच्या सावलीत दोघांनी पालकात शिजवलेले काबुली चणे खाल्ले, मग कागदाच्या पुडीतले तळलेले मासे. "पीठ जास्त झालंय," ती म्हणाली आणि पुडी एकटीने संपवली.

संध्याकाळी पुलावर तिने फर्मिनला गाडी थांबवायला सांगितली.

"बघ, नदी कशी सोनेरी झालीय," फर्मिन म्हणाला.

"नदी राहू दे. तू इकडे बघ. तुझं तोंड नीट बघू दे मला." बराच वेळ ती पाहत राहिली. "किती म्हातारा झालास रे!"

फर्मिनने टोपी काढली आणि तोंड तिच्या आणखी जवळ नेले.

ऑपरेशननंतर तिला फक्त उजेड आणि सावल्या दिसू लागल्या. तेव्हापासून दर रविवारी तो तिला माझ्यातून फिरवी. आता तो पाठ केलेले काही सांगत नसे. "फुलवाल्यानं मिशी काढलीय," तो म्हणे, "आणि अगदी कोंबडीसारखा दिसतोय." ती खळखळून हसे. इतकी वर्षे रोज हिंडलेले शहर फर्मिन आता कुठे बघायला शिकला होता.

आज ती दोघे नाहीत. मी एका शेडमध्ये धूळ खात पडले आहे. कुणी येऊन मला पुसले, तेलपाणी केले, तर मला आनंदच होईल. पण मित्रांनो, त्याआधी तुमच्या घरात एकदा नजर टाका. सगळ्यांसाठी राबणारे आणि स्वतः कधीच कुठे न गेलेले कुणीतरी तिथे असेल. त्या माणसाला फिरवून आणा. डॉक्टरांनी तारीख द्यायची वाट पाहू नका.