एक्केचाळिसावा घाणा

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी भट्टी उघडली आणि एक्केचाळिसावा घाणा बाहेर आला. कागदोपत्री त्याला बॅच म्हणत. बोलताना सगळे घाणाच म्हणत. होडीच्या आकाराच्या ग्रॅफाइटच्या ताटलीत मूठभर काळी पूड होती. आधीच्या चाळीस घाण्यांतही तशीच पूड निघाली होती.

ताटली बाहेर काढणाऱ्याला प्रयोगशाळेत घड्याळकाका म्हणत. सव्वीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. निवृत्तीला आठ महिने उरलेले. दर दहा मिनिटांची नोंद त्यांच्या वहीत काट्यावर काटा असावा तशी असे, म्हणून हे नाव पडलं.

काम सांगायला सोपं होतं. राळेचे बारीक मणी हवेशिवाय भाजायचे, म्हणजे त्यांचा कोळसा होतो आणि गोल आकार टिकतो. हवा शिरली तर मणी जळतात, म्हणून भट्टीतून सतत नायट्रोजन सोडायचा. सांडपाण्यातला रंग शोषून घेणारे मणी काम देणाऱ्या कंपनीला हवे होते. अडीच वर्षं मणी होत होते, पण रंग काही धरत नव्हते.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नेहमीप्रमाणे काचनळीत थोडी पूड भरली आणि वरून जांभळं पाणी ओतलं. खालच्या पात्रात पडलं ते नितळ पाणी.

मॅडमनी पात्र उजेडाकडे धरलं. "काका, नळाचं पाणी ओतलंत का यात?"

"मी तर हात मागे बांधून उभा आहे, मॅडम."

त्यांनी पुन्हा ओतलं. मग तिसऱ्यांदा, दुप्पट रंग घालून. खाली नितळच. मॅडम स्टुलावर बसल्या.

दुपारी सगळे सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जमले. तिथल्या तरुण संशोधिकेला चिमणी म्हणत, कारण तिची बडबड कधी थांबत नसे. पडद्यावर एक मणी आला आणि चिमणी गप्प झाली.

आधीचे मणी गोटीसारखे गुळगुळीत असत. हा छिद्रांनी भरलेला होता. चिमणी आणखी जवळ गेली. छिद्राच्या भिंतीत आणखी बारीक छिद्रं दिसली. आणखी जवळ, त्यांच्याही आत वाटा फुटलेल्या. आता तळ लागेल असं दर वेळी वाटे, आणि दर वेळी आत नवी दालनं उघडत. शेवटी यंत्राची नजर संपली. मणी संपला नाही.

"एक ग्रॅम पुडीचं आतलं अंग उलगडून पसरलं ना काका," चिमणी हलक्या आवाजात म्हणाली, "तर दहा टेनिसची मैदानं भरतील."

"मग झाडायला माणूस वाढवा," काका म्हणाले. जन्मभर ज्याच्या काजळीने नखं काळी झाली, ते आतून असं असू शकतं हे ते पहिल्यांदाच बघत होते.

आणि ते तसं कशामुळे झालं, हेही एकट्या त्यांनाच माहीत होतं.

सोमवारी भट्टी चारशे वीस अंशांवर असताना नायट्रोजनचं नळकांडं रिकामं झालं. दुसरं जोडायला सांध्यात बसवायचा वायसर हवा होता. तो आणायला काका भांडारात गेले. भांडारपालाने चावी शोधण्यात वेळ घालवला. परत येऊन वायू सुरू होईपर्यंत तेवीस मिनिटं गेली. तेवढ्यात भट्टीत हवा शिरली आणि तिनेच मण्यांत छिद्रं पाडली. तापमान यंत्र आपोआप नोंदवायचं, पण वायूचा दाब हाताने लिहायचा असे. आणि काका तो पाळीच्या सुरुवातीलाच संध्याकाळपर्यंतचा लिहून टाकत. गेली कित्येक वर्षं. दाब कधी हलतच नसे, तर दर दहा मिनिटांनी वही कशाला उघडायची?

बेचाळिसावा घाणा वहीबरहुकूम झाला. मणी गुळगुळीत निघाले. त्रेचाळिसावाही तसाच. चव्वेचाळिसाव्यातही तेच.

घरी बायको म्हणाली, "जेवण समोर ठेवून कुठे गेलात?"

काकांनी सगळं सांगितलं.

"आठ महिन्यांवर आलंय," ती म्हणाली. "खोटी नोंद म्हणजे काढूनच टाकतील."

"हो."

"मग कशाला तोंड उघडता?"

"तू ते पाहिलं नाहीस," काका म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम संगणकासमोर बसल्या होत्या. कंपनीला पत्र चाललं होतं: एक्केचाळिसाव्या घाण्याचा निकाल नमुन्यातल्या भेसळीमुळे आला असावा, तो रद्द समजावा.

काका दारातच थांबले. "रद्द करू नका, मॅडम. ते खरं होतं. वही खोटी आहे."

त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी कळफलकावरचे हात काढले. मग विचारलं, "तेवीस? वीस नाही, पंचवीस नाही?"

"जाताना आणि आल्यावर घड्याळ बघितलं होतं."

"म्हणजे घड्याळ बघत होतात. लिहीतच नव्हतात."

काकांनी वही टेबलावर ठेवली.

"तीन घाणे मी माझ्या डोळ्यांवर संशय घेत काढले, काका." त्यांनी पत्र पुसलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "जसं घडलं तसं लिहा आणि सही करा. हे वर जाणार. मी दाबणार नाही."

"दाबू नका."

त्याच दिवशी पंचेचाळिसावा घाणा लागला. चारशे वीस अंशांवर मॅडमच्या सांगण्यावरून काकांनीच नायट्रोजनची तोटी बंद केली. चिमणी वही घेऊन शेजारी उभी राहिली आणि मिनिटामिनिटाला लिहीत गेली. तेविसाव्या मिनिटाला तोटी उघडली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता काकांच्या चौकशीचं पत्र आलं. सुनावणी सोमवारी ठरली होती. भट्टी साठ अंशांखाली आल्याशिवाय उघडत नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती एकशे चौदा अंशांवर होती, आणि पंचेचाळिसावा घाणा अजून आतच होता.