सव्वा मूठ

"तुन्हा बापनी सव्वा मूठ. नवनीतनी सव्वा मूठ. मन्ही रंजीनी सव्वा मूठ."

इतक्या वर्षांनंतरही रंजिताला तो आवाज तसाच ऐकू येतो. माय गव्हाच्या पोत्यापाशी बसलेली, नवऱ्याचं नाव न घेता मोजणारी. आणि सात वर्षांची रंजिता, आपलं नाव येईस्तोवर श्वास धरून उभी.

कानबाई देवीच्या रोटांचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू असेच मोजतात. घरातल्या एकेका जिवामागे एक भरली मूठ, वर पाव मूठ. ज्याची मूठ पडली तो कुळातला. रोट त्यानंच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. आणि लग्न झालेली लेक बाहेरची.

अकरा वर्षांपूर्वी मायचा, बेबीबाईचा, खुबा मोडला, तेव्हा रंजिता सासरहून, धानोऱ्याहून, महिनाभरासाठी माहेरी सारंगखेड्याला आली. बाप आधीच गेलेला; भाऊ नवनीत आणि त्याची बायको चेतना सुरतेला. त्यांना रजा नव्हती. महिन्याचे तीन झाले, तसा नवरा फोनवर चिडला, "मग ऱ्हाय तठेच!" तिनंही फोन ठेवला. त्यानंतर दोन्हीकडून शब्द नाही. माहेरी आलेली सून आपली आपण परत जात नाही; सासरहून कुणीतरी लेवाले, न्यायला, यावं लागतं. ती वाट पाहत राहिली. वर्षानं पंचांनी सोडचिठ्ठी केली, त्यानं दुसरी आणली. 'एकडाव तरी येता,' एकदा तरी आला असता, एवढंच तिच्या मनात काट्यासारखं राहिलं.

तेव्हापासून मायला न्हाऊ घालणं तिचं, पपईची बाग तिची, बागेच्या पाण्याची पाळी तिची. रोटही तीच भाजते. आणि भाजून झाले की चुलीपाशी बसून कालची भाकर खाते.

आज शनिवार. उद्या कानबाई बसणार. नवनीत बायकोपोरांसह सकाळच्या गाडीनं आला होता. रंजिता सुपात गहू पाखडत स्वतःशीच गुणगुणत होती:

*माहेरनी वाट, बाभूळनी साउली,*
*बठाले ती गार, निजाले ना आपली.*

"ताई, गानं म्हणता की आम्हाले टोमणा मारता?" चेतना हसत म्हणाली.

"गानंच शे. टोमणा मारता येता, ते अकरा वरीस रोट भाजती का मी?"

नवनीत मोठ्यानं हसला. "सुरतमा समदं भेटस, ताई. पन तुन्हा हातना रोट नही भेटत!"

"तुले नही भेटत ते सुरतमा," रंजिता म्हणाली. "मले ते आठेच, या घरमाच, नही भेटत."

नवनीतनं गव्हाचं पोतं मायपुढे ओढलं.

बेबीबाईनं पोत्यात हात घातला. हात आता म्हातारा झाला. मुठीतून दाणे गळतात, ते ती पुन्हा वेचून घेते. "नवनीतनी सव्वा मूठ. चेतनानी. काजलनी. चंदननी. आनि मन्ही." पाच झाल्या. तिनं परात पुढे सरकवली.

रंजितानं सूप खाली ठेवलं, पोत्यात हात घातला, मूठ भरली. वर पाव मूठ घेतली. परातीवर हात नेला, पण सोडला नाही.

"हाई मन्ही. तू टाकाले सांग, माय. मी आपली आपण टाकाव नही."

चेतनानं डोक्यावरचा पदर सावरला. "ताई, देवीचं आहे. उगीच काही बाधलं तर? पोरं आहेत घरात."

"मन्ही मूठ पोरेसले बाधीन? पोरेसना ताप मन्ही मांडीवर उतरेल शे, चेतना."

"तसं नही ताई," नवनीत जमिनीकडे पाहत म्हणाला, "पन भाऊबंद काय म्हनतीन? बन्सीलाल काका ते रोट मोजाले बठतस."

"भाऊबंद मायनं अंग पुसाले येतस का?"

बाहेर डफवाले उद्यासाठी हात साफ करत होते.

"ठेई दे, रंजी," बेबीबाई म्हणाली. "तुन्ही मूठ आठे पडत नही."

"मंग कोठे पडस? धानोराले दुसरीनी पडस. आठे सुरतवाल्यासनी पडस. मन्हा जीव कोनता कुळमा मोजतस, माय? तो एकडाव लेवाले येता, ते मी हाई मागती नही. तो उनाच नही, त्यामा मन्हा काय गुन्हा?"

तिच्या मुठीतून एक एक दाणा परातीबाहेर पडत होता. बेबीबाईनं ते वेचायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग नवनीतकडे. तो उठून बाहेर निघाला होता.

"बठ," ती त्याला म्हणाली. "तुले बी ठाऊक शे. बठ."

तो दारातच थांबला.

"देवीनी मूठ हातमा शे, रंजी, आते खोटं बोलता येत नही," बेबीबाई म्हणाली. "तो उना व्हता, तुले लेवाले. पोळाना दुसरा दिन. तू बागमा व्हती. मी सांगं, पोर येवाले नही म्हनस, परत येऊ नको. मन्हा पाय मोडेल, हाऊ नवनीत सुरतले, मले दुसरं कोनी नव्हतं. त्याले खरं वाटेना. दुपारलोंग ओटावर बशी ऱ्हायना, म्हने तिना तोंडे आयकसू मंग जासू. बाग हाकना अंतरवर व्हती, रंजी. मी हाक मारी नही."