पुसलेलं प्रश्नचिन्ह

मित्रांनो, मी एक जुना स्पॅनिश-इंग्रजी कोश आहे. सध्या मला वाळवी लागली आहे आणि खरं सांगू, मला तिचा राग येत नाही.

माझा जन्म बार्सिलोनाच्या एका छापखान्यात झाला. एका स्पॅनिश डॉक्टरांच्या ट्रंकेतून मी वडनेरजवळच्या कुष्ठाश्रमात आलो. आश्रमाचे कारकून वासुदेवराव माझ्या मदतीने डॉक्टरांची टिपणं इंग्रजीत करायचे. माझी स्पॅनिश भाषा जरा आळशी आहे. ती 'तो', 'ती' बरेचदा गाळूनच टाकते. 'होता' म्हटलं तर तो संपला की अजून आहे, हेही मागचंपुढचं पाहून ठरवावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी रीत घालून दिली होती. शंका आली की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि विचारल्याशिवाय शाई लावायची नाही. जिल्ह्यात स्पॅनिश जाणणारा एकटा माणूस म्हणून वासुदेवरावांचं कौतुक व्हायचं. त्या कौतुकाने मीही फुगायचो.

१९५४च्या उन्हाळ्यात डॉक्टर तापाने गेले. त्यांच्या वहीत जयवंता नावाच्या बाईबद्दल आणि तिच्या नऊ वर्षांच्या पंचफुलाबद्दल शेवटचं टिपण होतं. 'मायलेकी आल्या. हातावर बधिर डाग होता. आश्रमात ठेवून घ्यावे.' कोणाच्या हातावर, ते नव्हतं. वासुदेवरावांनी प्रश्नचिन्ह काढलं. पण आश्रमाचे चिटणीस अण्णाजी यांना कागद स्वच्छ लागायचा. वासुदेवरावांनी रबर घेतलं, चिन्ह पुसलं आणि शाईने लिहिलं, 'मुलीच्या हातावर डाग आहे.' मायलेकी तेव्हा बाहेर ओसरीवरच बसल्या होत्या. जाऊन हात बघायला वीस पावलं पुरली असती.

दुसऱ्या दिवशी पोरीला आत न्यायला लागले, तेव्हा जयवंता दारात आडवी आली.

"साहेब, डाग माह्या हातावर हाये. कोयसा ठेवून पाहा, मले चटका लागत नाई. पोरीले काऊन नेऊन राह्यले?"

"इंग्रजी कागदात पोरीचं लिवलं हाये," अण्णाजी म्हणाले. "तू आता घरी जाजो."

तिने वासुदेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मला उघडलं आणि उगाच पानं चाळली. मानाने पोसलेला माणूस इतका भित्रा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. नवे डॉक्टर महिन्यातून एकदा येत आणि कागद तपासत. रोग्यांना ते हात लावत नसत.

दोन वर्षांनी जयवंता लेकीला भेटायला आली. औषधावाचून तिची बोटं आत वळली होती. भुईमुगाच्या शेंगांच्या गाठोड्याची गाठ तिला सोडवेना. पंचफुलाने ती सोडली, तेव्हा जयवंताला तिच्या मनगटावर डाग दिसला. आश्रमातल्या दोन वर्षांत तो उठला होता.

अण्णाजींनीही तो पाहिला. "पाहा," ते म्हणाले, "कागद काही खोटा नव्हता."

वासुदेवरावांनी पुढे माझ्या पानांत दडवलेला तो कागद अजून माझ्या पोटात आहे. उन्हात धरला तर प्रश्नचिन्हाचा वळ दिसतो. मित्रांनो, मला नवा पुठ्ठा घाला, माझी धूळ झटका, असं मी मागत नाही. वाळवीला खुशाल खाऊ द्या. पण तुमच्या ओसरीवर कोणी बसलेलं असेल, तर मला उघडण्याआधी उठून त्याला विचारा.